हिशेबाची नक्कल अर्धवट राहिली तर?

हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या व्यापारी बंधूंसाठी हा अनुभव. खातेवहीची नक्कल काढणारा आमचा शेल प्रोग्राम एका रात्री कंट्रोल-सी दाबून मध्येच थांबवला गेला. जुन्या चांगल्या नकलेवर अर्धवट नक्कल चढली. पुढे मूळ फाइल बिघडली आणि महिन्याची उधारी हातची गेली.

मग आम्ही शिकलो. शेलमधील प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा देते. शून्य म्हणजे काम फत्ते, दुसरा कोणताही म्हणजे बिघाड. शेल मात्र सहसा आपणहून थांबत नाही, पुढची आज्ञा चालवतो. म्हणून महत्त्वाच्या आज्ञेनंतर आकडा तपासावा, बिघाड दिसताच प्रोग्राम थांबवावा.

कंट्रोल-सी म्हणजे २ क्रमांकाचा इशारा. १९७९ च्या बोर्न शेलमध्येही असलेली 'ट्रॅप' आज्ञा तो पकडते. तिच्यात अर्धवट फाइल पुसून 'एक्झिट' लिहावे. ते विसरल्यास प्रोग्राम पुढे चालूच राहतो.

९ क्रमांकाचा इशारा आणि गेलेली वीज ट्रॅपच्या हाती नाहीत. म्हणून नक्कल त्याच डिस्कवर वेगळ्या नावाने काढावी, तपासावी, मगच नाव बदलून जुनीच्या जागी ठेवावी. ठाण मोजल्याशिवाय आपण पावती फाडत नाही. येथेही तोच कायदा.