लकव्याआधी लघवी काय सांगते?

कुणाला लकवा झाला की आपल्याकडे म्हणतात, "चांगला बसला होता, अचानक अंगावरून वारं गेलं." पण बहुतेक वेळा त्याची तयारी अंगात कितीतरी वर्षं चाललेली असते. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होत जातात. मग एखादी फुटते, नाहीतर गुठळीने बंद होते.

हे आधी ओळखता येईल का, याचा शोध उंदरांवर झाला. जपानमध्ये ओकामोटो आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली अशी उंदरांची जात तयार केली, की ज्यांचा रक्तदाब आपोआप वाढतो आणि पुढे लकवा होतो. १९९८ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी या उंदरांना मिठाचं पाणी देऊन मेंदूचे एमआरआय काढले. मेंदूला सूज दिसण्याच्या आधीच त्यांच्या लघवीतून प्रथिनं जाऊ लागली होती. असं का? मूत्रपिंड ही बारीक रक्तवाहिन्यांची गाळणी आहे. जो दाब मेंदूला मारतो, तोच या गाळणीलाही खराब करतो.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे. लकव्याची तारीख सांगणारी तपासणी कुठल्याच दवाखान्यात नाही. पण ज्यांच्या लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातं, त्यांना लकव्याचा धोका जास्त असतो, हे माणसांतही दिसलं आहे.

लकवा हा श्रीमंतांचा आजार, हा समज सोडा. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झाले होते. म्हणजे सातातला एक!

म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात बीपी मोजून घ्या. दुखत नाही म्हणून बीपी नाही, असं नसतं. पुन्हा पुन्हा मोजून १४० / ९० किंवा त्याहून जास्त भरलं, तर डॉक्टरांना दाखवा. बीपी किंवा साखर असेल, तर लघवीतलं प्रथिन तपासायला आपणहून सांगा. प्रथिन निघालं तर घाबरू नका. लघवीच्या जंतुसंसर्गातही ते दिसतं. पण तपासणी स्वच्छ आली म्हणून गोळी मात्र बंद करू नका. बरं वाटतंय, ते गोळीमुळेच.

दिवसाला माणशी एक छोटा चमचा मीठ पुरे. पापड, लोणचं, खारवलेली सुकट, मीठ लावून वाळवलेल्या चान्या यांतलं मीठही त्यातच मोजा. तंबाखू आणि मिश्री सोडा.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोबडी वळली, तर कबुतराचं रक्त चोळण्यात वेळ घालवू नका. तोंडात पाणी, गोळी काहीही देऊ नका. १०८ ला फोन करा, घाटी गाठा. त्रास किती वाजता सुरू झाला, ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही सीटी स्कॅन झाल्यावर.