जानेवारीची प्रार्थना, जूनचे वर्ष

मंडळीचे संकल्प जानेवारीत होतात, पण विद्यार्थ्याचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. विद्यार्थ्यांसाठी नववर्षाची प्रार्थना ठेवणारे बरेचजण नेमके हेच विसरतात. बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहणाऱ्या बारावीच्या मुलीची पाटी १ जानेवारीला कोरी नसते. जर्नल अपुरे असते, प्रिलिमचे मार्क अजून घरी सांगितलेले नसतात आणि प्रॅक्टिकल तोंडावर आलेली असते. तिच्यासाठी प्रार्थना करायची तर वर्ष तिच्या बाजूने मोजावे लागते.

सुरुवात ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या भक्तीने होते. गेल्या वर्षाच्या साक्षी, उपकारस्तुती, बाराच्या ठोक्याला गुडघ्यांवर प्रार्थना, मग हस्तांदोलन आणि केक असा साधारण क्रम असतो. मेथडिस्ट परंपरेत याच दिवसांत देवाशी केलेला करार नव्याने केला जातो. जॉन वेस्लीने ही उपासना १७५५ मध्ये लंडनमध्ये सुरू केली. आपल्याकडच्या अनेक मंडळ्यांत वर्षाचे वचन काढण्याचीही पद्धत आहे. ताटात उलट्या ठेवलेल्या कार्डांतून प्रत्येकजण एक उचलतो. तरुण मुलांना हे फार आवडते, आणि घोटाळाही इथेच होतो. विजयाचे वचन हाती आले की पेपर सोपा जाणार, अशी समजूत करून घेतली जाते. वचन म्हणजे लॉटरीचे तिकीट नव्हे. कार्ड हाती आले की तो सगळा अध्याय त्याच आठवड्यात मुलांबरोबर बसून वाचावा. ते कोणाला आणि कोणत्या संकटात सांगितले गेले, हे कळले की कार्डाचा उपयोग होतो.

त्यानंतर येतो जानेवारीचा प्रार्थना सप्ताह. ही प्रथा परदेशातून आली असे आपण धरून चालतो, पण तिची हाक भारतातून गेली. १८५८ मध्ये लुधियानाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी जगभरच्या मंडळ्यांना विनंती केली, की १८६० च्या जानेवारीतला दुसरा आठवडा प्रार्थनेला द्यावा. पुढे इव्हँजेलिकल अलायन्सने तो दरवर्षीचा केला. या सप्ताहातली एक संध्याकाळ विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवता येते, आणि ती चर्चपेक्षा एखाद्या घरात जास्त चांगली जमते. लोकलने दमून आलेल्या मुलाला जिना चढून लगेच चटईवर बसता आले पाहिजे. सभा तासाभरात आटोपावी, कारण त्याला नंतर अभ्यासाला बसायचे असते. तीन तासांच्या सभेला न आलेल्या मुलाला थंड म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्याचे वेळापत्रक एकदा हातात घेऊन पाहावे.

सभेचा क्रम साधा ठेवावा. ‘उपासना संगीत’मधले एक गीत, मग स्तुती, पापांगीकार, उपकारस्तुती आणि शेवटी मध्यस्थी. विनंत्या लेखी घ्याव्यात, कारण तोंडी विचारले की सगळेच ‘परीक्षेसाठी’ म्हणतात. चिठ्ठी दिली की खरे बाहेर येते: फीचा दुसरा हप्ता भरायचा आहे, बाबा पुन्हा प्यायला लागलेत, सायन्स सोडून आर्ट्सला जायचे आहे पण घरी बोलता येत नाही. दोघादोघांच्या जोड्या कराव्यात. प्रत्येकाने जोडीदाराची चिठ्ठी घेऊन त्याच्यासाठी आठवडाभर प्रार्थना करावी. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. प्रार्थनेच्या नावाखाली घराघरांतल्या गोष्टी पसरतात आणि एकदा पोळलेला मुलगा पुन्हा चिठ्ठी लिहीत नाही. फीची चिठ्ठी असेल तर आमेनबरोबर पाकीटही उघडावे लागते. वर्गमित्र ख्रिस्ती नसेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करू का, हे त्यालाच विचारावे.

चार-पाच पोरांच्या अशा बैठकीने काय होणार, असे वाटत असेल तर मराठी मंडळीचा इतिहास पाहावा. ऑगस्ट १८०६ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेला जमले होते. वादळ आले तेव्हा ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले, आणि आशियात सुवार्ता नेण्याचा विषय तिथे निघाला. त्या चळवळीतून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था उभी राहिली. १८१३ मध्ये त्या संस्थेचा मिशनरी, त्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल मुंबईत उतरला आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. अहमदनगरच्या शाळा आणि १८४२ मध्ये निघालेले ‘ज्ञानोदय’ नियतकालिक हे त्याच कामाचे पुढचे टप्पे.

दुसरे उदाहरण घरचेच आहे, पुणे जिल्ह्यातल्या केडगावचे. पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये मुक्ती मिशनच्या मुलींपुढे प्रार्थनेची गरज मांडली आणि रोज जमायला कोण तयार आहे, असे विचारले. सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेच्या आसपास गेली, आणि त्या महिन्याच्या अखेरीस तिथे जे संजीवन सुरू झाले त्याची नोंद जगाच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. लोक संजीवनाबद्दल भरभरून बोलतात. मला मधले पाच महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. त्या मुलींपैकी अनेकजणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या. शाळा शिकत, काम करत त्या रोज ठरल्या वेळी येत राहिल्या.

ख्रिस्ती आशाही अशीच चालते. पौल रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आशा शेवटी ठेवतो. तिच्या आधी संकट, धीर आणि कसाला लागलेला स्वभाव येतो. म्हणून ‘सगळे पास होऊ देत’ एवढ्यावर प्रार्थना थांबवू नये. एटीकेटी लागलेल्या मुलाला निकालाच्या रविवारी चर्चमध्ये यायची लाज वाटत असेल, तर त्या मंडळीने मार्कांनाच आशा समजले आहे.

कॉलेजात गेल्यावर हे काम मुलांनीच चालवायचे असते. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडियाची रीत हीच आहे: बायबल अभ्यास आणि प्रार्थनागट विद्यार्थी चालवतात, शिकून बाहेर पडलेले पदवीधर पाठीशी राहतात. उल्हासनगर-कल्याणच्या कॉलेजांत जाणाऱ्या मांजर्लीच्या मुलांना असा गट मिळाला तर उत्तम. नाहीतर एकाच गाडीने जाणारे दोघेही पुरतात.

विद्यार्थी ख्रिस्ती चळवळींचा जागतिक महासंघ १८९५ मध्ये स्वीडनमधल्या वादस्तेना इथे स्थापन झाला. त्याच्या परंपरेतला विद्यार्थ्यांसाठीचा जागतिक प्रार्थनादिन फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी येतो. आपल्याकडे तो बोर्डाच्या परीक्षांच्या हंगामातच पडतो. त्या रविवारी परीक्षार्थींची नावे घ्यावीत आणि त्यांना लवकर घरी सोडावे. मे-जूनमध्ये निकाल आणि प्रवेशांच्या वेळी त्याच यादीतल्या प्रत्येकाला एक फोन करावा. जानेवारीत ज्यांनी चिठ्ठ्या घेतल्या, त्यांनीच तो करावा.