परसातला लसूण हाती का लागत नाही?

न्हाणीमागच्या वाफ्यात घरोघरी लसूण असतो. पात हिरवीगार, पण उपटला तर गड्डा फुटलेला, नाहीतर सुपारीएवढा. मंडळी म्हणतात, बियाणं खोटं निघालं. बहुतेक वेळा चूक पाण्याची असते.

लसूण हे थंडीचं पीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गड्ड्याच्या बाहेरच्या ठसठशीत कुड्या, टोक वर ठेवून, चार बोटं अंतरावर लावाव्यात. मधल्या बारीक कुड्या फोडणीला. न्हाणीचं पाणी रोज मुरतं तिथं मुळं कुजतात. वाफा निचऱ्याचा हवा.

चार-साडेचार महिन्यांनी पात पिवळी पडते, माना मोडतात. काढणीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडावं. इथंच घोटाळा होतो. पात पिवळी दिसली की पाणी कमी पडलं समजून घरातलं कुणीतरी बादली ओततं. मग गड्डा जमिनीतच उकलतो, कुड्यांना कोंब येतात. काढणी लांबली तरी तेच.

काढलेला लसूण पातीसकट सावलीत आठवडाभर सुकवावा आणि जुड्या बांधून हवेशीर जागी टांगावा. कुडी हेच लसणाचं बियाणं. फुटलेला गड्डा टिकत नाही, म्हणजे वर्षाची फोडणीही गेली आणि पुढल्या सालचं बियाणंही!