हातपंप कुणाच्या दारात?



नाताळ आला की ख्रिस्ती वस्त्यांत घरांवर चांदण्या लागतात आणि शेतात गहू फुटव्यावर आलेला असतो. गव्हाचे उदाहरण येशू ख्रिस्तानेही शिष्यांना दिले होते. दाणा मातीत स्वतःला हरवतो तेव्हाच त्याचे कणीस होते, असे त्याने समजावले. पेरणी करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पण माणसाने दाण्यासारखे जगायचे म्हणजे काय करायचे?

त्याचे उत्तर आपल्याच मुलखात, जामखेडला सापडते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल हे ख्रिस्ती जोडपे. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला झाले आणि पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. शहरात मोठा दवाखाना थाटता आला असता. पण खेड्यातल्या गरिबांची सेवा करायची, हे दोघांनी लग्नाच्या वेळीच ठरवले होते. १९७० साली ते जामखेडसारख्या दुष्काळी भागात येऊन राहिले.

आल्या आल्या त्यांनी औषधांचे भाषण दिले नाही. गावाला काय हवे, ते विचारले. लोक म्हणाले, अन्न आणि पाणी. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या. गावोगाव कूपनलिका खोदून हातपंप बसवायचे ठरले. तेव्हा आरोळे दांपत्याने एक गोष्ट जाणूनबुजून केली. हातपंपाच्या जागा दलित वस्तीत धरल्या. ज्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्याच दारात पाणी आले आणि साऱ्या गावाला घागर घेऊन तिथे जावे लागले. कुणाला उपदेश केला नाही, कुणाशी भांडण केले नाही. पण तहानेपुढे शिवाशिव ढिली पडली.

हे वाचले तेव्हा मला माझी लाज वाटली. विस्तार अधिकारी म्हणून मी कितीतरी प्रात्यक्षिक प्लॉट घेतले. बहुतेक सारे सडकेलगत, विहीर असलेल्या मोठ्या बागायतदाराच्या रानात. साहेबांची जीप तिथवर जाई, पीकही चांगले दिसे. माळावरच्या दोन एकरवाल्याच्या बांधावर मी किती वेळा गेलो? बियाणे तेच, खत तेच, पण माझा हातपंप नेहमी पाणी असलेल्याच दारात बसला.

जामखेडची दुसरी गोष्ट धीर देण्याची. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यात पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. मग गावातल्याच बाया निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. आपल्याला काही येत नाही, हे त्यांनी जन्मभर ऐकलेले. आधी त्यांच्या मनातली ही भीती काढली, मग बाळंतपण कसे करावे, जुलाब झालेल्या लेकराला साखर-मिठाचे पाणी कसे द्यावे, हे शिकवले. डॉक्टरांनी आपली विद्या मुठीत ठेवली नाही. ती या बायांच्या ओंजळीत टाकली. माझ्या मते, खरा निःस्वार्थीपणा हाच. पैसा देणे सोपे असते. आपला मोठेपणा वाटून टाकणे अवघड.

पीक काय आले? १९७१ साली त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांतली १७६ वर्षाच्या आत दगावत. १९९० नंतरच्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. काम मात्र थांबले नाही. दाणा मातीत गेला, कणीस उभे आहे.

वाचकहो, आपण काही डॉक्टर नाही. पण प्रत्येकाच्या घरी वाटण्याजोगे काहीतरी असतेच. तुमचा हरभरा चांगला आला असेल, तर ज्याचा मर रोगाने गेला त्याच्या बांधावर जा. चुका काढू नका. पुढच्या हंगामात बीजप्रक्रिया कशी करायची, ते त्याच्यासोबत बसून दाखवा. घरातल्या सुनेला बचत गटाच्या बैठकीत बोलायला भीती वाटत असेल, तर सासूबाई, पहिल्या दिवशी तुम्ही तिच्याशेजारी बसा. बोअरला पाणी असेल, तर पाइपाचे एक तोंड वस्तीच्या बाजूला काढा.

धर्म कोणताही असो, पाहायचे एवढेच की आपला हातपंप कुणाच्या दारात बसला आहे. मी येत्या हंगामातला पहिला प्लॉट माळावर घेणार आहे. सडकेपासून लांब आहे, चालत जावे लागेल. जाईन.