‘आयकॉन्स’ फोल्डरमधली चित्रं वेबसाइटवर दिसत नाहीत? हे तपासा

मी माझी छोटी वेबसाइट बनवली आणि सगळी चित्रं ‘आयकॉन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. लॅपटॉपवर सगळं झकास! उबंटूच्या अपाचे सर्व्हरवर चढवल्यावर मात्र मोबाइलवर एकही चित्र दिसेना, नुसता ४०४ एरर. दोनदा अपलोड केलं. फोल्डर तर जागेवरच होतं.

गोम ‘एलियास’मध्ये होती. एलियास म्हणजे वेबसाइटवरचा एखादा पत्ता सर्व्हरवरच्या दुसऱ्याच फोल्डरकडे वळवणं. उबंटूवर ‘/आयकॉन्स/’ हा पत्ता आधीपासूनच अपाचेच्या स्वतःच्या चित्रांकडे वळवलेला असतो. फाइलींची यादी दाखवताना ती चित्रं लागतात. सर्व्हर आधी एलियास बघतो, मग तुमचं फोल्डर. त्यामुळे माझ्या फोल्डरपर्यंत तो पोचतच नव्हता.

उपाय दोन आहेत:

१. फोल्डरचं नाव बदला, उदा. ‘चित्रे’. एचटीएमएलमधले पत्तेही बदला.

२. सर्व्हर तुमचाच असेल, तर ‘एलियास डॉट कॉन्फ’ फाइलमधल्या त्या ओळीआधी # लावा आणि अपाचे रीलोड करा.

मी पहिला उपाय केला. पाच मिनिटांत काम झालं.

आणि हो, वैतागून परमिशन ७७७ करू नका. चित्रं दिसणार नाहीतच, वर सर्व्हरवरच्या इतरांनाही तुमच्या फाइली बदलता येतील.