सुया की गोळ्या?

गेल्या अंकातील पाठदुखीच्या लेखात मी ॲक्युपंक्चरचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर तीन सभासदांचे फोन आले, पण पाठीबद्दल एकानेही विचारले नाही. घरात कुणाला नैराश्य आहे, कुणाला सततची धास्ती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, पण "सवय लागेल" या भीतीने त्या बंद करून सुया टोचून घेतल्या तर चालेल का? मी पेशाने फार्मासिस्ट आहे, तेव्हा माझा कल कुठे असेल हे वाचकांनी ओळखावे.

या देशात ॲक्युपंक्चरचा बोलबाला झाला तो १९७१ साली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जेम्स रेस्टन यांचे पेकिंगमध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. नंतरच्या पोटातील त्रासावर त्यांना सुया टोचण्यात आल्या आणि त्यांनी तो अनुभव छापला. (आपल्याला चीन म्हटले की सोलापूरचे डॉ. कोटणीस आठवतात, पण ते गेले होते शल्यचिकित्सक म्हणून. सुयांची विद्या शिकून भारतात आणली ती त्यांच्याच पथकातील डॉ. बसूंनी.) १९९७ साली एनआयएचच्या तज्ज्ञमंडळाने ऑपरेशन व केमोथेरपीनंतरची मळमळ आणि दाताच्या उपचारानंतरचे दुखणे यांवर सुयांचा गुण येतो असे सांगितले. नैराश्याबद्दल तेवढ्या खात्रीने सांगितले नाही.

पुढे अभ्यास झाले. २०१३ साली इंग्लंडमधील ७५५ रुग्णांच्या पाहणीत नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड दिलेल्यांना तीन महिन्यांनी अधिक बरे वाटले. समुपदेशनाची जोड मिळालेल्यांनाही जवळजवळ तितकेच. यातला 'जोड' हा शब्द महत्त्वाचा, कारण बहुतेकांच्या गोळ्या चालूच होत्या. २०१८ साली कॉक्रेन संस्थेने ६४ अभ्यास एकत्र तपासले. काहीच उपचार न घेण्यापेक्षा सुया बऱ्या, पण नुसत्या टोचल्यासारखे करणाऱ्या खोट्या सुयांशी तुलना केली की फरक लहान होतो, आणि एकूण पुरावाही कच्चाच, असा त्यांचा निष्कर्ष.

गोळ्या म्हणजे रामबाण असेही नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या येथील मोठ्या पाहणीत पहिल्याच औषधाने पूर्ण आराम पडला तो सुमारे एकतृतीयांश रुग्णांना. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होते! पंचविशीच्या आतील मुलामुलींवर सुरुवातीला अधिक लक्ष ठेवावे लागते, कारण काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

आता 'सवय' या शब्दाचा घोळ. प्रोझॅक, झोलॉफ्ट या जातीच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. तरीही त्या एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, निद्रानाश, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास होऊ शकतो. मग सुयांचा उपयोग झाला नाही असे वाटते किंवा आजार उलटला असे वाटते. खरे कारण तिसरेच असते. याउलट अल्प्राझोलामसारख्या शामक गोळ्यांची सवय खरोखरच लागते, आणि त्या अचानक तोडल्यास फिटसुद्धा येऊ शकते. भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांच्या पिशवीत 'झोपेची गोळी' म्हणून हीच असते आणि साठा तीन महिन्यांत संपतो. तेव्हा पाकिटावरचे मूळ नाव जरूर वाचा. दोन्ही प्रकारच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायच्या.

खर्चाचे म्हणाल तर जेनेरिक गोळ्या बहुधा स्वस्त पडतात. सुयांच्या मात्र आठवड्याला एक अशा दहा-बारा बैठका होतात. मेडिकेअर २०२० पासून ॲक्युपंक्चरचे पैसे देते, पण फक्त जुनाट कंबरदुखीसाठी. एचएसए किंवा एफएसएमधून हा खर्च करता येतो, तेव्हा पावत्या जपून ठेवा.

सुयांकडे जायचेच असेल तर राज्याचा परवाना पाहा आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी सांगा. आणि घरातले कुणी जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. ९८८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.