शिट्टी तीच, कार्ड वेगळं

नांदेडला खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरु गोबिंदसिंघजी सुवर्ण-रौप्य चषकाची हॉकी बघायला गेलात, तर बॉल सोडून एकदा पंचाकडे बघा. दोन खेळाडू एकाच बॉलवर झेपावतात. बॉल जेमतेम १६० ग्रॅमचा. स्टिक आधी बॉलला लागली तर खेळ चोख, आधी समोरच्याच्या स्टिकला लागली तर फाऊल. दोन्हींत अंतर किती? पापणी लवायच्याही आतलं. ‘खट्’ असा एकच आवाज येतो आणि तेवढ्यावर शिट्टी फुंकायची की नाही, हे पंचानं ठरवायचं!

आता समजा, यातला एक संघ धसमुसळ्या खेळासाठी बदनाम आहे. त्याचे पाठीराखे ओरडणारच, ‘आमचेच फाऊल दिसतात होय रे पंचाला?’ ही नुसती हरणाऱ्याची कुरकुर असते, असं मीही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो.

मग एक प्रयोग वाचनात आला. २००२ साली प्रसिद्ध झालेला, ब्रिटनमधला. ३८ फुटबॉल पंचांना ५० प्रसंगांची चित्रफीत दाखवली. काहींच्या कानावर आधी एवढंच घातलं, की निळ्या जर्सीचा संघ आडदांड आहे. बाकीच्यांना त्यातलं काहीच सांगितलं नाही. काय झालं असेल? शिट्ट्या जवळपास तेवढ्याच वाजल्या. पण निळ्यांना पिवळी-लाल कार्डं जास्त मिळाली! म्हणजे नसलेला फाऊल कुणालाच दिसला नाही. जो दिसत होता, तोच जास्त वाईट वाटला.

हॉकीत याची किंमत केवढी, बघा. जिथं फ्री हिट देऊन भागलं असतं तिथं हिरवं कार्ड निघालं, तर खेळाडू २ मिनिटं बाहेर. पिवळं निघालं, तर किमान ५ मिनिटं. तेवढा वेळ अकराचे दहा.

आणि बदनामी कानावर पडायलाच हवी असंही नाही, कपड्याचा रंगही पुरतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पेंग्विन्स या आइस हॉकी संघानं १९७९-८० च्या हंगामात मध्येच निळा गणवेश टाकून काळा घेतला. सामन्यामागे सरासरी ८ मिनिटांची शिक्षा व्हायची, ती १२ वर गेली. खेळाडू तेच, हंगाम तोच! काळा चढवल्यावर पोरंच चेकाळली असतील? फ्रँक आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये दोन्ही बाजू तपासल्या. काळे कपडे घातलेल्या विद्यार्थ्यांनी खरोखरच जास्त दांडगट खेळ निवडले. पण अमेरिकन फुटबॉलचा तोच डाव काळ्या आणि पांढऱ्या गणवेशात दाखवला, तेव्हा पंचांनाही काळा संघच जास्त शिक्षेला पात्र वाटला. आग दोन्हीकडून लागलेली.

आपल्या लातूरकडच्या कुस्तीवेड्यांना हे ऐकून चैन पडणार नाही. मॅटवर एक पैलवान लाल, दुसरा निळा. जर्मनीत ४२ तायक्वांदो पंचांना लढतींच्या चित्रफिती दाखवताना संगणकावर लाल-निळ्याची अदलाबदल केली, तर लाल दिसणाऱ्याच्या पदरात सुमारे १३ टक्के जास्त गुण पडले. २०२३ च्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीतल्या चार गुणांवरून राज्यभर वाद पेटला होता. तो रंगामुळे झाला, असं मी म्हणत नाही. पण तसल्या क्षणी माणसाच्या डोळ्यावर किती ओझं असतं, हे आता कळतं.

आणि आपण, काठावरचे? १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकेतल्या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा रांगडा सामना झाला. प्रिन्स्टनच्या लाडक्या खेळाडूचं नाक फुटलं. पुढं दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना तीच फिल्म दाखवली. डार्टमथच्या पोरांना आपल्या संघाचे जेवढे फाऊल दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या पोरांनी मोजले! डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याकडे ती फिल्म पोचली, तर ज्यांचा एवढा बोभाटा झाला ते फाऊल त्याला त्यात सापडेचनात. त्यानं तार केली: फिल्मचा महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, राहिलेला तुकडा विमानाच्या टपालानं पाठवा.